निकाहनाम्यातला वकील

आमच्या शाळेत पालक येतात ते बहुधा शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी, नाहीतर दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला. मागच्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीची आई बोनाफाईड मागायला आली. कशासाठी हवे ते रजिस्टरात लिहावे लागते, म्हणून विचारले, तर खाली मान घालून म्हणाली, "सर, कोर्ट के काम के वास्ते." मग पिशवीतून तिने दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक जुना, घड्यांवर फाटत आलेला निकाहनामा. दुसरा नवाकोरा, स्टॅम्प पेपरवर टाईप केलेला खुलानामा. मेहर माफ, इद्दतचा खर्च माफ, मुलीच्या खर्चाबाबत कसलीही तक्रार नाही, आणि हे सर्व मी राजीखुशीने लिहून देत आहे, असा मजकूर. खाली सही तेवढी राहिली होती. कागद नवऱ्याच्या वकिलाने तयार केलेला. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितले होते की दोन दोन वकील कशाला, खर्च वाढतो, एकच दोघांचे बघेल. तिचा आम्हाला प्रश्न एवढाच होता, "सर, एकच वकील दोनों का चलता क्या?"

आम्ही उर्दूतून इतिहास शिकवणारे मास्तर. कायद्याचे आम्हाला काय कळणार? पण निकाहनाम्यावर नजर गेली आणि थांबलो. वधूचे नाव, वराचे नाव, मेहरची रक्कम, दोन गवाह, आणि त्यांच्या वरच्या रकान्यात 'वकील' म्हणून तिच्या मामूंचे नाव. तिनेही बोट ठेवले. म्हणाली, "ये वकील तो गुजर गए."

त्या दिवशी आम्ही तिला धड उत्तर देऊ शकलो नाही. चार दिवस थांब, सही करू नकोस, एवढेच सांगितले. त्या चार दिवसांत आणि नंतरही जे वाचले, विचारले, ते इथे मांडत आहोत.

'वकील' हा शब्द आपल्या घरात कोर्टाच्या फार आधीपासून आहे. अरबीत वकालत म्हणजे आपले काम दुसऱ्यावर सोपवणे. ज्याच्यावर सोपवले तो वकील. अल्लाहच्या नावांपैकीही हे एक नाव. मराठी दप्तरांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस. महादजी शिंद्यांनी १७८४ साली बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेला 'वकील-इ-मुतलक' हा किताब शाळेतल्या पुस्तकातही असतो. आणि आपल्या लग्नात, मंडपात काझीसाहेब बसलेले असताना, आतल्या खोलीत जाऊन मुलीची परवानगी घेऊन येतो तो वकील. तिच्या 'हो'चा सांगावा बाहेर आणणारा. बहुतेक ठिकाणी हा मामू किंवा चाचा असतो आणि त्याची निवड मुलगी करत नाही, घर करते. त्यात वावगे वाटत नाही, कारण त्या दिवशी सर्वांना एकच गोष्ट हवी असते.

फिकहच्या ग्रंथांनी हा फरक फार बारकाईने ओळखलेला आहे. हनफी मतानुसार निकाहात एकच माणूस दोन्ही बाजूंचा वकील होऊ शकतो. (कोकणातले आमचे बांधव शाफई, त्यांच्याकडे वलीला अधिक महत्त्व.) पण भांडणातली वकालत हा निराळाच विषय आहे. 'हिदाया'त त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. वादात माणूस एकाच बाजूने उभा राहू शकतो. म्हणजे आमच्या पाचवीतल्या मुलीच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात होते. निकाहाला एक वकील चालतो, तंट्याला चालत नाही.

याच प्रकरणात आणखी एक मजेची गोष्ट सापडते. प्रतिपक्षाची संमती नसताना, आजार किंवा प्रवास असे कारण नसताना, पक्षकाराने स्वतः न येता वकील पाठवावा हे इमाम अबू हनीफांना मान्य नव्हते. त्यांचे शागीर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचे मत वेगळे पडले. पुढच्या फकिहांनी पडद्यातल्या स्त्रीला सवलत दिली. जिला परक्या पुरुषांपुढे बोलण्याची सवय नाही ती काझीपुढे उभी राहून आपला हक्क कसा मांडणार, म्हणून तिने वकील पाठवला तर तो दुसऱ्या पक्षाने मानलाच पाहिजे. स्त्रीला बोलणारा माणूस मिळाला पाहिजे ही गरज बार कौन्सिलने शोधलेली नाही.

अर्थात अगदी सुरुवातीच्या काळात स्त्रिया स्वतःच बोलत होत्या. खौला बिन्त सअलबा यांना पतीने जिहारचे शब्द उच्चारून अधांतरी ठेवले, तेव्हा त्या थेट पैगंबरसाहेबांकडे गेल्या आणि वाद घातला. त्या वादावर कुरआनात एक सूरह आहे आणि तिचे नावच 'वाद घालणारी' असे आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नीने पतीच्या दीनाबद्दल वा स्वभावाबद्दल तक्रार नाही, पण त्याच्याबरोबर राहणे जमणार नाही असे सांगितले. मेहरमध्ये मिळालेली बाग परत केली आणि ती मोकळी झाली. खुल्याची ही मूळ कथा मदरशातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. तिच्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: वेगळे होण्याची इच्छा बाईची होती. नवऱ्याला सोडायचे आहे आणि कागद मात्र बायकोच्या नावाने खुल्याचा, हा प्रकार त्या कथेत कुठेच बसत नाही. आमच्या पाहण्यात २०१९ नंतर असे कागद वाढले आहेत. तोंडी तीन तलाक त्या वर्षीच्या कायद्याने गुन्हा ठरला, तेव्हा तलाकऐवजी खुला लिहून घेण्याची युक्ती कोणाला तरी सुचली असावी.

आपल्या मुलखात पूर्वी हे तंटे काझीपुढे जात. मराठेशाहीतही कसब्याकसब्यातली काझीची वतने चालू राहिली. इंग्रज आले तेव्हा बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली ठरवले की लग्न, वारसा अशा बाबतीत मुसलमानांना त्यांचाच कायदा लावायचा. त्यासाठी कोर्टात इंग्रज न्यायाधीशाच्या शेजारी काझी-मुफ्ती बसू लागले. 'हिदाया'चे चार्ल्स हॅमिल्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ साली निघाले. न्यायाधीशांना वाटू लागले की आता पुस्तक हाताशी आहे, मौलवी कशाला? १८६४ च्या कायद्याने कोर्टातली ही पदे बंद झाली. १८८० च्या काझी कायद्याने काझी परत आले, पण निकाह लावण्यापुरते. निवाड्याचा अधिकार त्या कायद्याने त्यांना दिला नाही. आमच्या मते आपल्या कौटुंबिक इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे, आणि त्याची तारीख आपल्या कोणाच्या लक्षात नसते. काझी उठला त्या रिकाम्या जागेत काळ्या कोटातला वकील आला. न्यायाधीशाला शरीअत माहीत नाही, बाईला इंग्रजी माहीत नाही, आणि दोघांच्या मध्ये हा एकटा.

हा मधला माणूस वाचत कोणते पुस्तक होता? मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून एकच पुस्तक टेबलावर असे, मुल्लांचे 'मोहमेडन लॉ'. नावावरून अनेकांना वाटते कोणी मौलाना असतील. सर दिनशा मुल्ला हे मुंबईचे पारशी सॉलिसिटर. विद्वान माणूस, पुढे प्रिव्ही कौन्सिलवर गेले. पण चिपळूणच्या, बीडच्या, मालेगावच्या बायकांचे तलाक एका पारशी गृहस्थाच्या पुस्तकातल्या कलमांवर ठरत होते, हे कळले तेव्हा आम्हाला गंमत वाटली आणि थोडे कसेसेही झाले. नंतर मुंबईच्याच आसफ अली असगर फैजींचे पुस्तक १९४९ साली आले. वकिलांच्या कपाटात मात्र मुल्लाच पुढे राहिले.

पडद्यातल्या बाईचा प्रश्न तर आणखी अवघड. कलकत्त्याच्या शमसुन्निसा बेगम यांच्या कंपनीच्या कर्जरोख्यांचा नवऱ्याने, मुन्शी बजलूर रहीम यांनी, कब्जा घेतला होता. त्या वेगळ्या राहू लागल्या आणि कोर्टात गेल्या. हा तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १८६७ च्या निकालात असे ठरले की पडद्यातल्या बाईकडून कागद लिहून घेतला, तर तो तिने समजून दिला आहे हे घेणाऱ्याने सिद्ध करायचे. त्याच निकालात नवऱ्याला बायको परत मागण्याचा दावा लावता येतो असेही ठरले. पण छळ हा त्यावर बचाव होऊ शकतो. आमच्यासमोर पडलेला तो खुलानामा आठवा. 'राजीखुशीने लिहून देत आहे' या शब्दांवर कोर्टाने प्रश्न विचारायला सुरुवात करून दीडशे वर्षे उलटली आहेत.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण बाईला वकिलीची सनद नव्हती. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडद्यातल्या हिंदू-मुसलमान जमीनदारणींची सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. ज्या दाराआड पुरुष वकील जाऊ शकत नव्हता तिथे त्या जात. स्त्रियांना वकिली सर्वत्र खुली करणारा कायदा झाला तो १९२३ साली.

आता १९३९ कडे येऊ. हनफी मतात बाईला काझीकडून निकाह तोडून घेण्याची कारणे फार थोडी होती. नवरा बेपत्ता झाला, खर्च देत नाही, छळतो, तरी ती बांधलेली. पंजाबात तर काही स्त्रिया सुटकेसाठी धर्म सोडल्याचे जाहीर करू लागल्या, कारण त्याने निकाह आपोआप तुटतो असे कोर्ट मानत होते. अल्लामा इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत याचा उल्लेख केला. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ साली 'अल-हीलतुन्नाजिजा' लिहून मालिकी मताचा आधार घेतला आणि वाट काढली. काझी मुहंमद अहमद काझमी यांनी मांडलेल्या विधेयकाचा मार्च १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे खर्च नाही, सात वर्षांची कैद, छळ, अशी कारणे त्यात आहेत. उलेमांची एक मागणी सरकारने वगळली: असा खटला मुसलमान न्यायाधीशानेच चालवावा. म्हणजे शरीअत समजावून देण्याची जबाबदारी पुन्हा वकिलावरच येऊन पडली.

आणि वकिलाला हे किती माहीत असते? आमच्या त्या पालक बाईच्या नात्यातल्या एकीचा अर्ज आम्ही डोळ्यांनी पाहिला. वर कायदा लिहिला होता हिंदू विवाह कायदा, कलम १३. टायपिंगची चूक म्हणून सोडून देता येईल; पण त्या चुकीने तिच्या सात तारखा गेल्या.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. बाई पोटगी मागायला कोर्टात जाई. नवऱ्याचा वकील लेखी म्हणणे दाखल करी, त्यात एक ओळ असे: अर्जदार बाईला मी अमुक तारखेला तलाक दिलेला आहे. तलाक कधी दिला, कोणापुढे दिला, बाईला माहीतही नसे. मुंबई उच्च न्यायालयाने चांदबी विरुद्ध बंदेशा मुजावर या खटल्यात १९६० च्या सुमारास असे मानले की पूर्वीचा तलाक सिद्ध झाला नाही तरी हे लेखी म्हणणे दाखल झाले त्या दिवसापासून तलाक झाला. विचार करा. दोन कुटुंबांतले हकम नाहीत, समेटाची बैठक नाही, तोंडाने उच्चारही नाही. वकिलाच्या कारकुनाने टाईप केलेल्या कागदावर संसार संपला. जो शब्द उच्चारताना माणसाचे ओठ थरथरावेत तो दाव्याच्या उत्तरात परिच्छेद क्रमांक चार म्हणून येऊ लागला. चाळीस वर्षे हे चालले. आपल्यापैकी किती जणांनी याविरुद्ध मोर्चा काढला? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात स्त्रिया विधानभवनावर गेल्या, त्यांच्याबद्दल आजही आपल्यात दोन मते आहेत. असोत. पण लेखी म्हणण्यातल्या तलाकबद्दल कोणाला मतच नव्हते.

ते थांबले २००२ साली. २ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात निकाल दिला की कोर्टात तलाक दिला असे नुसते लिहून वा सांगून चालणार नाही. कारण काय होते, दोन्हीकडचे मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा यांच्या खटल्यात हेच सांगितले. तिथेही नवऱ्याने १९९० च्या लेखी म्हणण्यात १९८७ चा तलाक दाखवला होता. ज्या हकमांची आज्ञा सूरह निसामध्ये आहे ते कोर्टाच्या निकालात परत आले, आणि ते आणायला रहिमबीसारख्या बाईला उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापर्यंत जावे लागले. शायरा बानो यांच्या खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी तीन तलाक रद्द झाला, ते सर्वांना माहीत आहे. रहिमबीचे नाव मात्र आमच्या स्टाफरूममध्ये एकालाही माहीत नव्हते.

वकिलाच्या निवडीची गोष्ट शाहबानोशिवाय पुरी होत नाही. तो खटला आपण राजकारण म्हणूनच आठवतो. पण शाहबानोंचे पती मुहम्मद अहमद खान इंदूरचे स्वतः नामांकित वकील होते, हे ध्यानात घ्या. सुमारे साठ हजार रुपये वार्षिक उत्पन्न. १९३२ चा निकाह, पाच मुले. १९७५ साली घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी महिना पाचशे रुपये मागितले, तर नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला आणि मेहरचे तीन हजार कोर्टात भरले. मॅजिस्ट्रेटने महिना पंचवीस रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. त्या एकशे एकोणऐंशी रुपयांविरुद्ध वकीलसाहेब दिल्लीला गेले! वकिलाच्या बायकोने वकील कुठून आणायचा?

सर्वोच्च न्यायालयात तिच्या बाजूने उभे राहिले दानियाल लतीफी. बद्रुद्दीन तैयबजींचे हे नातू. १८६७ साली मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिलेले पहिले भारतीय बॅरिस्टर ते बद्रुद्दीन. २३ एप्रिल १९८५ ला निकाल तिच्या बाजूने लागला, पुढे काय वादळ उठले ते सांगायला नको. दबावाखाली त्या म्हातारीने मिळालेला निकालही नाकारला. १९८६ चा कायदा आला. बहुतेक वकिलांचे काम तिथे संपले असते. लतीफींनी नव्या कायद्याविरुद्ध स्वतःच्या नावाने याचिका केली. ती पंधरा वर्षे चालली. २८ सप्टेंबर २००१ रोजी पाच न्यायमूर्तींनी कायदा कायम ठेवला, पण त्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यायची आहे. तोवर शाहबानो १९९२ साली गेल्या होत्या आणि लतीफीही आदल्या वर्षी वारले होते. निकालावर मात्र नाव आहे दानियाल लतीफी विरुद्ध भारत सरकार. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम घटस्फोटितेला पोटगीचा सर्वसाधारण कायदाही खुला असल्याचे पुन्हा स्पष्ट केले, त्या निकालातही या नावाचा आधार आहे.

एक विरोधाभास सांगून परत शाळेत येतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे या कोर्टात वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीवर ते आहे. हेतू चांगला, वकिलांनी भांडण वाढवू नये. इमाम अबू हनीफांनाही तेच वाटत होते. पण नवरा शिकलेला आणि बायको चौथी पास असेल तर? प्रत्यक्षात मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत वकील उभे राहतातच. आणि तालुक्याला कुटुंब न्यायालय कुठे आहे? तिथे दिवाणी कोर्ट आणि मॅजिस्ट्रेट. उलट १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात, जो १९९५ पासून लागू झाला, कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. हे वाक्य आम्ही दोनदा वाचले, कारण आमच्या शाळेतल्या कोणत्याही आईने ते कधी ऐकलेले नाही.

चार दिवसांनी ती आली तेव्हा आम्ही तिला जमले तेवढे सांगितले. ज्या वकिलाने नवऱ्यासाठी कागद केला त्याला बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तिच्या बाजूने उभे राहताच येत नाही. मेहरमधून किंवा मिळणाऱ्या पोटगीतून हिस्सा मागणारा वकील तोच नियम मोडतो. मुलीचा खर्च आईने माफ करून टाकण्याची गोष्ट नाही. नूर सबा खातून यांच्या खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुलांचा स्वतःचा हक्क ठरवला आहे. आणि वकिलाला पहिल्या भेटीत विचार की माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली करणार. एकोणचाळीसचे नाव त्याने आपणहून घेतले तर बस, नाहीतर उठून ये. वकील मुसलमानच पाहिजे का, असे तिच्या भावाने विचारले. मुल्लांची आणि लतीफींची, दोन्ही गोष्टी आम्ही त्याला सांगितल्या. त्याला काय कळले कोण जाणे, पण गप्प बसला.

तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात आम्ही तिच्याबरोबर गेलो, तिची आई आणि भाऊही होते. पॅनेलवरच्या एक बाई वकील मिळाल्या, आडनाव मराठा. त्यांनी निकाहनामा दोनदा वाचला आणि विचारले, "हे वकील कोण?" तिने सांगितले, मामू. त्यांनी मान डोलावली, खुलानामा बाजूला सारला आणि कोरे वकीलपत्र पुढे केले. तिने सावकाश उर्दूत सही केली. कारकून म्हणाला, याच्याखाली मराठीतही लिहा. तिने आमच्याकडे पाहिले. मग पाचवीतल्या लेकीने वही पुढे ओढली, आणि आईला तिचे नाव आधी कोऱ्या पानावर लिहून दाखवले.